पाव फेरा

मराठी शिकवणाऱ्या माणसाने चाळिशी उलटल्यावर नवीन काय शिकावे याला खरे म्हणजे काही धरबंध हवा. माझे काही सहकारी या वयात ज्योतिषाकडे वळले, कोणी पेटी शिकू लागला; एक गृहस्थ तर मोडी लिपीच्या नादी लागल्यापासून घरच्यांना नकोसे झाले आहेत. मी यंदाच्या पावसाळ्यात कार्बोरेटर शिकलो. वर्गात रस आणि ध्वनी शिकवणारा हा माणूस तीन महिने नखांत काळे घेऊन हिंडत होता. एकदा तर मी हजेरीपटाच्या वहीवर जेटचा नंबर लिहून ठेवला, आणि तो कुणाचा हजेरीक्रमांक म्हणून पुढच्या तासाला पुकारला!

हौस म्हणून शिकलो असे मात्र नाही. अप्पांनी गाडी विकायचे ठरवले, म्हणून शिकलो.

अप्पा म्हणजे माझे वडील. वय ८१. चाळीस वर्षे त्यांनी पुण्यात डॉक्टरकी केली आणि घरोघरच्या व्हिजिटा केल्या त्या फोक्सवॅगन बीटलमधून. गाडी १९६६ सालची, तेराशेची. करारावर आलेला एक जर्मन इंजिनियर १९७६ मध्ये मायदेशी परत निघाला, तेव्हा अप्पांनी ती त्याच्याकडून घेतली. तेवढ्या पैशांत त्या वेळी कोथरूडला जागा आली असती, हे आई आम्हांला शेवटपर्यंत ऐकवत असे. आईचा हिशेब बरोबर होता. पण कोथरूडच्या जागेला पाठीमागून इंजिन नसते, यावर अप्पांचा काय इलाज!

वाचकांपैकी तरुण मंडळींनी ही गाडी बहुधा चित्रातच पाहिली असेल. कासवाच्या पाठीसारखी ती गोल, आणि तिचे सारे शहाणपण मागच्या बाजूला. पुढचे झाकण उघडले की सामान ठेवायची जागा आणि पेट्रोलची टाकी, इंजिन मागे. त्यातही पाणी नाही, रेडिएटर नाही. चार सिलिंडर दोन-दोनच्या जोडीने एकमेकांकडे पाठ करून आडवे झोपलेले, आणि त्यांच्यावर एक पंखा सतत वारा घालतो आहे. फर्डिनांड पोर्शने १९३० नंतरच्या दशकात बेतलेले हे इंजिन युद्धानंतर वोल्फ्सबुर्गच्या कारखान्यातून अफाट संख्येने बाहेर पडले. १९७२ च्या फेब्रुवारीत बीटलने फोर्डच्या मॉडेल टीचा विक्रम मोडला. शेवटची जुनी बीटल मेक्सिकोत, पुएब्लाच्या कारखान्यात, २००३ च्या जुलैत तयार झाली. एकूण दोन कोटी पंधरा लाखांवर गाड्या निघाल्या, पण आपल्याकडे ती कधीच बनली नाही. म्हणून तिच्यासाठी एक स्क्रू हवा असला तरी तो मिळेलच असे नसे.

मला लहानपणचा खंडाळ्याचा घाट आठवतो. मे महिन्यात अँबॅसिडर आणि फियाट गाड्या बॉनेट उघडून ओळीने उभ्या असत. कुणी रेडिएटरवर ओले फडके टाकतो आहे, कुणी झऱ्यावरून डबा भरून आणतो आहे. आमची बीटल त्या सगळ्यांच्या शेजारून फुरफुरत वर जाई. अप्पा त्या वेळी काही बोलत नसत, पण आरशातून मागे पाहत असत. इतका अभिमान त्यांनी स्वतःच्या पदवीचाही कधी केला नाही.

दोन वर्षांपूर्वी त्यांना कंपवाताचे निदान झाले. स्वतःच केले म्हणा; तज्ज्ञाने नुसती मान हलवली. गाडी चालवणे त्यांनी त्याच दिवशी बंद केले, एका शब्दाचीही कुरकूर न करता. पण दर रविवारी सकाळी मागचे झाकण उघडायचे, इंजिन सुरू करायचे आणि दहा मिनिटे ऐकत उभे राहायचे, हा क्रम चालू होता. यंदा ज्येष्ठात एक दिवस त्यांच्या हातून स्क्रूड्रायव्हर पंख्याच्या खाली पडला. तो काढायला त्यांना अर्धा तास लागला, आणि संध्याकाळी जेवताना ते म्हणाले,

"गाडीला गिऱ्हाईक बघ."

गिऱ्हाईक मिळाले. अलिबागचा एक तरुण वास्तुविशारद, जुन्या गाड्यांचा खरा शौकीन. पण अप्पांची अट होती. "सिग्नलला बंद पडणारी गाडी मी कुणाच्या गळ्यात बांधणार नाही. आधी आयडलिंग नीट होऊ दे, मग न्या म्हणावं." त्याने दसऱ्यापर्यंत थांबायचे कबूल केले.

गाडीचे दुखणे असे होते : सकाळी किल्ली फिरवली की ती सुरू होई, चोकच्या आधाराने दोन-चार मिनिटे नीट चाले, आणि इंजिन तापून चोक उघडला की ॲक्सिलरेटरवरून पाय काढताच आचके देऊन बंद पडे. रेस करीत राहिले तर काही तक्रार नाही. थोडक्यात, धावताना ठीक आणि स्वस्थ उभे राहताना प्राण कंठाशी. अशी माणसेही मी पाहिली आहेत, पण तो विषय वेगळा.

येथे मला कार्बोरेटर म्हणजे काय ते सांगितले पाहिजे. त्याला मराठी प्रतिशब्द सुचवा असे एका सहकाऱ्याने मला थट्टेने म्हटले. मी सुचवणार नाही. नाना पेठेतला मिस्त्री 'कारबोरेटर' म्हणतो आणि त्याचे सारे त्यात भागते. ओंजळीत मावेल एवढी ही वस्तू. तिच्यात एक हवेची नळी आहे आणि ती मध्येच आकसलेली आहे. नदीचे पात्र अरुंद झाले की पाणी तेथे ओढीने धावते. तशी हवाही त्या आकसलेल्या जागी वेगाने धावते, आणि वेगाने धावणाऱ्या हवेचा दाब उतरतो. व्हेंच्युरी नावाच्या इटालियन शास्त्रज्ञाच्या नावाने ही जागा ओळखली जाते. नेमक्या त्या ठिकाणी पेट्रोलची नळी उघडते. बाहेरच्या हवेचा दाब शेजारच्या कुंडीतले पेट्रोल वर ढकलतो, आणि ते तुषार होऊन हवेत मिसळते. लग्नात आपण ज्या फवाऱ्याने अत्तर उडवतो त्याचे तत्त्व हेच. वजनाने १४.७ भाग हवेला एक भाग पेट्रोल मिळाले की सगळे जळते, काही उरत नाही. हवा जास्त झाली तर इंजिन उपाशी, पेट्रोल जास्त झाले तर अजीर्ण.

पण गाडी उभी असते तेव्हा गंमत वेगळी होते. नळीच्या तळाशी एक पितळी चकती, तिला बटरफ्लाय म्हणतात, ती जवळजवळ मिटलेली असते. हवेची ओढ नसल्यामुळे आकसलेल्या जागेला काही काम उरत नाही. म्हणून त्या वेळेपुरती एक निराळी बारीक वाट ठेवलेली असते. तिच्यात एक छोटे जेट, आणि तिच्या तोंडाशी निमुळत्या टोकाचा एक स्क्रू. तो आत फिरवला की मिश्रण कमी, बाहेर फिरवला की जास्त. आमच्या गाडीचा जीव जात होता तो या वाटेवर.

स्टुटगार्टला असलेल्या धाकट्या भावाचा फोन आला. तो इंजिनियर. म्हणजे अप्पांच्या मनाप्रमाणे शिकला तो. (मी मराठी घेतले तेव्हा अप्पा फक्त "बरं" म्हणाले होते, त्या "बरं"नंतर आम्ही दोघे पंचवीस वर्षे हवापाण्याबद्दल बोलत आलो.) भाऊ म्हणाला, "जुना सोलेक्स फेकून दे. दोन वेबर बसव, प्रत्येक बाजूला एक. गाडी उडेल." मी हे घरात सांगितले तेव्हा सौ. म्हणाली, "अहो, अंगठा ठणकतो म्हणून कुणी दोन नवे पाय बसवतं का?" सौ. शाळेत गणित शिकवते; तिच्या उपमा अशाच असतात.

तरी मी वाचन केले. आणि असे ध्यानात आले की कार्बोरेटर निवडणे म्हणजे इंजिनाचा श्वास मोजणे. आमचे इंजिन १२८५ घन सेंटिमीटरचे. मिनिटाला चार हजार फेरे घेताना ते दोन हजार लिटरांच्या आसपास हवा ओढते. माणूस स्वस्थ बसलेला असताना मिनिटाला सहा-आठ लिटर घेतो, हे अप्पांनी पुढे केव्हातरी सांगितले. आता या इंजिनाला फार मोठ्या घशाचा कार्बोरेटर लावला, तर वरच्या वेगात फायदा होईल खरा; पण हळू चालताना त्या रुंद घशातून हवा रेंगाळत जाईल, तिला ओढ येणार नाही, पेट्रोलचे तुषार न होता थेंब होतील आणि गाडी उचल घ्यायच्या वेळी अडखळेल. शर्यतीचे इंजिन असेल, कॅमशाफ्ट बदलला असेल, तर जोडीचे वेबर शोभतात. व्हिजिटा करणाऱ्या डॉक्टरच्या गाडीला कारखान्याने जो दिला होता तोच योग्य : सोलेक्स ३० पिक्ट. तीस म्हणजे घशाचे माप, मिलिमीटरमध्ये.

एवढे कळल्यावर मी शहाणपणा केला. तो जुना दुरुस्त करीत बसण्यापेक्षा त्याच मापाचा नवा, नक्कल केलेला, घरबसल्या मागवला. अप्पांना सांगितले नाही. त्यांनी नको म्हटले असते, आणि मला दसऱ्याच्या आत मोकळे व्हायचे होते. मोकळे कशातून, ते त्या वेळी मी स्वतःलाही नीट विचारले नाही.

खोके आले. वस्तू चकचकीत होती. अप्पा दुपारी झोपले असताना मिस्त्रीला बोलावून ती बसवली. गाडी सुरू झाली, पण आयडलिंग मुळीच नाही. एक तास मिस्त्री डोके खाजवीत राहिला. मग कळले की नव्या कार्बोरेटरवरची विजेची झडप १२ व्होल्टची होती आणि आमची गाडी ६ व्होल्टची. किल्ली फिरवल्यावर ज्या झडपेने वाट उघडायची ती पुरेशी वीज न मिळाल्यामुळे ढिम्म बसून होती. जुन्यावरची काढून नव्यावर चढवली. गाडी उभ्या उभ्या चालू लागली! मिस्त्रीला पैसे दिले, जुना कार्बोरेटर वर्तमानपत्रात गुंडाळून माळ्यावर टाकला आणि संध्याकाळी मोठ्या डौलाने गाडी कंपाउंडमधून बाहेर काढून पुन्हा आत आणली.

अप्पा गॅलरीत बसले होते. मी वर आलो तेव्हा त्यांनी वर्तमानपत्रातून डोके न काढता विचारले,

"कुणाचा बसवलास?"

मी म्हटले, "काय?"

"आपला नाही तो. आपला उचल घेताना असा ठेचकाळत नाही. बंद पडतो, पण ठेचकाळत नाही."

मी खरे ते सांगितले. ते काही बोलले नाहीत. जेवताना बोलले नाहीत. रात्री दिवा मालवायला मी त्यांच्या खोलीत गेलो, तेव्हा भिंतीकडे तोंड करून ते म्हणाले, "कंपवात मला झालाय. गाडीला नाही."

दुसऱ्या दिवशी मी माळ्यावर चढलो.

त्यानंतरचे दोन महिने आमच्या घरात जेवणाच्या टेबलाचा अर्धा भाग अप्पांचा आणि माझा होता. ते खुर्चीत बसून सांगत आणि मी करीत असे. सुरुवातीला मी टिपणे घेऊ लागलो तर म्हणाले, "लिहू नकोस, बघ." पन्नाशीकडे झुकलेल्या प्राध्यापकाला कुणी वहीवर ओरडले की कसे वाटते, हे मला माझ्या विद्यार्थ्यांच्या वतीने एकदा अनुभवता आले ते बरे झाले.

पहिली गोष्ट त्यांनी सांगितली ती अशी की, कार्बोरेटरला हात लावायच्या आधी बाकीचे सगळे ठीक करायचे. थंड इंजिनावर टॅपेट लावायचे. सी.बी. पॉइंटची फट ०.४ मिलिमीटर. टायमिंग वरच्या बिंदूच्या आधी साडेसात अंश, दिव्याने बघून. "लोक कार्बोरेटर पिळत बसतात आणि दोष पॉइंटमध्ये असतो. पेशंटला ताप आला म्हणून थर्मामीटर दुरुस्त करायला घेण्यासारखं आहे ते."

मग निदान. जुना कार्बोरेटर पुन्हा गाडीवर चढवला, इंजिन रेस करून जेमतेम जिवंत ठेवले, आणि अप्पांनी स्टेथास्कोप आणायला सांगितला. त्याची छातीवर ठेवायची चकती काढून टाकली; राहिली नुसती रबरी नळी. त्यांनी कानात खुंट्या घातल्या आणि नळीचे मोकळे टोक माझ्या हातात दिले. मी ते कार्बोरेटरच्या अंगावरून फिरवू लागलो. मॅनिफोल्डच्या सांध्यापाशी काही नाही. तळाच्या गॅस्केटपाशी काही नाही. बटरफ्लायच्या दांड्याचे टोक जेथे बाहेर येते तेथे नळी गेली मात्र, अप्पांनी हात वर केला.

"इथं. चोरून श्वास घेतोय."

मग त्यांनी नळी माझ्या कानांत घातली. एक बारीक, सततची शिटी ऐकू येत होती. खात्री करायला इस्त्रीच्या कपड्यांवर पाणी मारायची बाटली आणली आणि त्या जागी फवारा मारला. पेट्रोलचा किंवा कसल्या स्प्रेचा नाही. तापलेल्या इंजिनावर तसला चावटपणा करायचा नाही, असे अप्पांनी बजावले होते. पाण्याने क्षणभर फट बुजली, आणि इंजिन दोन श्वास नीट चालले. पाणी आत ओढले गेले की पुन्हा आचके.

म्हणजे असे : कार्बोरेटरचे अंग जस्ताच्या मिश्रधातूचे, मऊ. त्यात पोलादी दांडा साठ वर्षे फिरतो आहे. प्रत्येक वेळी पाय दाबला आणि काढला की थोडी झीज. भोके लांबट झाली, दांडा खिळखिळला आणि त्याच्या कडेने, कुणी न मोजलेली हवा आत जाऊ लागली. धावताना एवढ्या हवेत ती जास्तीची हवा खपून जाते. उभे राहिल्यावर मात्र तीच भारी होते. हे कुठल्याही स्क्रूने बरे होणारे दुखणे नव्हते.

भवानी पेठेतल्या एका लेथवाल्याने ते बरे केले. वयस्कर मनुष्य. कार्बोरेटर हातात घेऊन त्याने दांडा दोनदा हलवला आणि म्हणाला, "सायेब, हे आता कोन करून घेत न्हाई. नवीन टाकत्यात." भोके एका सरळीत मोठी करून त्यांत पितळेचे बुश बसवायचे, आणि दांडा असा की फिरेल पण हलणार नाही. त्याला तीन दिवस लागले. तिसऱ्या दिवशी त्याने चकती मिटवून कार्बोरेटर ट्यूबलाइटकडे धरला आणि मला आत बघायला सांगितले. कडेने उजेडाची एक रेघसुद्धा दिसत नव्हती. एवढी सुबक मिटलेली गोष्ट मी साहित्यातही क्वचित पाहिली आहे.

साफसफाईचे वर्णन करीत नाही. सौ.चे एक पातेले कायमचे गेले. एक गोष्ट मात्र सांगतो, कारण ती चूक मी करणारच होतो. जेटच्या भोकात कचरा दिसला म्हणून मी टाचणी उचलली, तोच अप्पांनी टेबलावर हात आपटला. जेटवर जो आकडा असतो, आमच्या मुख्य जेटवर १२५ होता, तो भोकाचा व्यास : मिलिमीटरचे १२५ शतांश, म्हणजे सव्वा मिलिमीटर. टाचणीने ते किंचित जरी रुंदावले तरी आकडा खोटा ठरतो. फुंकायचे, ब्रशचा केस घालायचा, पण धातू नाही. आणि दुसरी गोष्ट : वरच्या झाकणात पेट्रोल आत आणणारी पितळी नळी नुसती ठोकून बसवलेली असते. उष्णतेने ती सैल होते आणि एखाद्या दिवशी निसटून येते. मग पेट्रोल सरळ तापल्या इंजिनावर, डिस्ट्रिब्युटरच्या ठिणग्यांवर. बीटल गाड्या पेटण्याचे हे एक जुने कारण आहे. अप्पांनी मला ती नळी पकडीने ओढून बघायला लावली. तिने सूतभर माया सोडली. ती काढून पुन्हा घट्ट बसवून घेतली. अलिबागच्या मुलाची एक छोटी मुलगी आहे, हे अप्पांनी फोनवर विचारून घेतले होते, हे मला तेव्हा कळले.

आता पेट्रोलचे प्रकरण. हे इंजिन बेतले गेले तेव्हा पेट्रोल म्हणजे पेट्रोल होते. २०२५ मध्ये आपल्या पंपांवर जे मिळू लागले, त्यात वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल आहे. इथेनॉल जुन्या रबराला खाते, म्हणून पंपाचा पडदा, कार्बोरेटरचा पडदा आणि सगळ्या नळ्या नव्या, त्याला दाद न देणाऱ्या घातल्या. भावाने त्या स्टुटगार्टहून पाठवल्या. (वेबरचा विषय त्याने पुन्हा काढला नाही. खोक्यात अप्पांच्या आवडीची चॉकलेटे होती.) पण मिश्रणाचे काय? इथेनॉलला जळायला पेट्रोलपेक्षा कमी हवा लागते, एका भागाला नऊच भाग. म्हणजे तेवढीच हवा जाळायला हे नवे इंधन जास्त घालावे लागणार. किती, यावर मी आणि अप्पा दोन संध्याकाळी वाद घालीत होतो. शेवटी उत्तरपत्रिका तपासता तपासता सौ. म्हणाली, "१४.७ आणि ९, वीस टक्के धरून सरासरी काढा. साडेतेराच्या आसपास येते. म्हणजे आठ-नऊ टक्के इंधन जास्त. भोकाचे क्षेत्रफळ व्यासाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. १३० भागिले १२५, त्याचा वर्ग करा." मी केला. १.०८१६. अप्पांनी तिच्याकडे जरा वेळ पाहिले आणि मग माझ्याकडे. सुनेने जिंकलेल्या डावावर सासऱ्याने काही बोलायचे नसते. १३० चे जेट बसवले.

ट्यूनिंग एका रविवारी सकाळी केले. अप्पांची खुर्ची गाडीच्या मागे ठेवली. इंजिन पुरते तापू दिले, म्हणजे खडकवासल्यापर्यंत जाऊन आलो. मिश्रणाचा स्क्रू आधी हलक्या हाताने पार आत बसवलेला आणि मग दीड फेरा बाहेर काढलेला होता, तेथून सुरुवात. हलक्या हाताने, कारण जोर केला तर त्याचे निमुळते टोक आपल्या बैठकीत रुतते आणि दोन्ही कायमची बिघडतात. बटरफ्लायच्या दुसऱ्या स्क्रूने वेग मिनिटाला साडेआठशे फेऱ्यांच्या आसपास धरला. मग अप्पांनी डोळे मिटले.

"बाहेर. हळू. अजून."

इंजिनाचा स्वर चढत गेला.

"अजून. थांब, उतरला. आत ये. आत. हं."

माझ्या बोटांना काही कळत नव्हते. स्क्रू फिरत होता एवढे खरे. कानाला मात्र तिसऱ्या वेळी कळू लागले : एका जागी आवाज भरीव होतो, तिच्या अलीकडे तो कोरडा असतो आणि पलीकडे जडावतो. त्या जागेवरून आत जायचे, वेग किंचित पडेपर्यंत. आणि मग पाव फेरा परत. अप्पांचा हात खुर्चीच्या दांड्यावर थरथरत होता, आणि बोटाने ते नकळत स्क्रू फिरवल्यासारखे करीत होते. मी त्यांच्या बोटाकडे बघून फिरवू लागलो. त्या दिवशी आम्ही दोघे सुमारे दीड तास बोलत होतो, आणि एकूण शब्द असतील पन्नास.

प्लग काढून पाहिले. काजळी असेल तर मिश्रण जास्त, पांढरे पडले असतील तर कमी. आमचे चहाच्या रंगाचे होते, दूध बेताचे घातलेल्या.

दसऱ्यानंतरच्या शनिवारी अलिबागचा तरुण आला. गाडी फिरवून आणली आणि खूश होऊन उतरला. कागदांवर सह्या झाल्या. चहा झाला. तो किल्ली घेऊन निघणार, तेवढ्यात अप्पांनी विचारले,

"घर समुद्रापासून किती लांब?"

"चालत पाच मिनिटं, काका."

अप्पा माझ्याकडे वळले. "स्क्रूड्रायव्हर आण."

मला क्षणभर कळेना. मग त्यांनी सांगितले. पुणे समुद्रसपाटीपासून ५६० मीटर उंच. येथली हवा किनाऱ्यापेक्षा पाच-सहा टक्के विरळ. आम्ही गाडी लावली ती या हवेला. घाट उतरून खाली गेली की हवा दाट मिळेल आणि मिश्रण पातळ पडेल. "थोडासा बाहेर काढ. पाव फेऱ्याच्या आत. इथं जरा जड चालेल. खोपोलीला पोचेपर्यंत ठीक होईल."

मी झाकण उघडले. इंजिन सुंदर चालत होते. गेल्या रविवारी ज्याला "हं" मिळाले होते तोच तो आवाज. मी स्क्रू बाहेर काढू लागलो. आवाज जडावला. "अजून," अप्पा म्हणाले. मी अजून काढला. आता ते आमच्या कानाला बरे वाटत नव्हते.

"बस."

त्या मुलाने अप्पांना वाकून नमस्कार केला आणि गाडी बाहेर काढली. फाटकातून ती किंचित अडखळत, जड पोटाच्या माणसासारखी गेली. आम्ही ती कोपऱ्यापर्यंत ऐकली.

"वळणावर दुसरा गिअर टाकायला हवा होता," अप्पा म्हणाले, आणि मांडीवरची स्टेथास्कोपची नळी गुंडाळू लागले. हात थरथरत होते, त्यामुळे वेळ लागला. मी मध्ये पडलो नाही.